यंत्राचा कारभारी : वैयक्तिक संगणकाच्या पहिल्या ऑपरेटिंग सिस्टीम्सचा इतिहास

(तृतीय वर्ष कला, इतिहास)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकावर लेख लिहावा हा कोणाला आगाऊपणा वाटण्याचा संभव आहे. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय संगणकाचे शास्त्र हा नसून संगणकाचा इतिहास हा आहे, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला जुनी खूण दिसली की तिचा माग काढल्यावाचून चैन पडत नाही. गावाच्या वेशीवर वीरगळ उभा असतो. येणारेजाणारे त्याला टेकून विड्या ओढतात, पण तो कोणाचा आणि कोणत्या लढाईचा हे कोणी विचारीत नाही. संगणकातही असे वीरगळ आहेत. विंडोज असलेल्या कोणत्याही संगणकावर माहिती साठविण्याच्या मुख्य तबकडीचे नाव ‘सी’ असते. पहिल्याच तबकडीला तिसरे अक्षर का? ‘ए’ आणि ‘बी’ गेल्या कोठे? त्याच संगणकावर एखाद्या फाइलला सी-ओ-एन या तीन रोमन अक्षरांचे नाव देऊ पाहिले, तर यंत्र ते नाकारते. कोणी घातली ही बंदी?

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे शोधू लागलो की आपण १९७० ते १९८५ या पंधरा वर्षांच्या काळात आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जाऊन पोहोचतो. त्या काळाची एक लोकप्रिय आख्यायिकाही आहे. ती सांगते की, एक बुद्धिमान माणूस एका दिवशी विमान उडवायला गेला म्हणून त्याचे साम्राज्य दुसऱ्याच्या हाती पडले. ही आख्यायिका कितपत खरी आहे, आणि खरी असली तरी तिने काही उलगडते का, हे तपासणे हा या लेखाचा हेतू आहे.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय?

प्रथम शब्दाचा अर्थ स्पष्ट करून घेऊ. जुन्या मोठ्या वाड्यातील कारभारी डोळ्यांपुढे आणावा. मालक सांगतो, “उद्या पन्नास पाने वाढायची आहेत.” तांदूळ कोणत्या कोठीत, तूप कोणत्या बरणीत, वाणी कोण आणि आचारी कोण, याची मालकाला खबर नसते आणि असण्याची गरजही नसते. किल्ल्या कारभाऱ्याच्या कनवटीला असतात. ऑपरेटिंग सिस्टीम ही संगणकाची अशी कारभारी आहे. पत्र लिहिण्याची किंवा हिशेब करण्याची आज्ञावली, म्हणजे प्रोग्रॅम, तिला इतकेच सांगते की, “अमुक नावाची फाइल आणून दे.” ती फाइल तबकडीवर कोठे आहे हे शोधण्याचे काम ऑपरेटिंग सिस्टीमचे.

हे काम वाटते तितके सोपे नाही. त्या काळच्या आठ इंची फ्लॉपीचे उदाहरण घेऊ. तिच्यावर ७७ वर्तुळाकार मार्ग असत, प्रत्येक मार्गाचे २६ खंड पाडलेले असत आणि प्रत्येक खंडात १२८ बाइट मावत. एक बाइट म्हणजे ढोबळमानाने एक रोमन अक्षर. गुणाकार केला तर सुमारे अडीच लाख अक्षरे होतात. एखादे पत्र या दोन हजार दोन खंडांपैकी कोणत्या खंडांत विखुरले आहे, कोणते खंड रिकामे आहेत, नवा मजकूर कोठे ठेवावा, या सर्वांची वही ठेवावी लागते. ही वही प्रत्येक प्रोग्रॅमने स्वतंत्रपणे ठेवायची म्हटले, तर प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा जन्म त्यातच जायचा.

कारभाऱ्यावाचूनचे यंत्र

मोठ्या संगणकांना असा कारभारी पूर्वीच मिळाला होता. आयबीएम कंपनीने १९६० नंतरच्या दशकात आपल्या मोठ्या यंत्रांसाठी प्रचंड ऑपरेटिंग सिस्टीम तयार केली होती, आणि बेल प्रयोगशाळेत १९६९ साली युनिक्स या पुढे कीर्ती पावलेल्या प्रणालीचे काम सुरू झाले होते. परंतु ही यंत्रे विद्यापीठांनी, बँकांनी आणि सरकारांनी बाळगावयाची. एका माणसाच्या टेबलावर बसणारा संगणक तेव्हा कल्पनेतच होता.

ती कल्पना प्रत्यक्षात आली ती मायक्रोप्रोसेसरमुळे. इंटेल कंपनीने १९७१ साली ४००४, १९७२ साली ८००८ आणि १९७४ साली ८०८० हे प्रोसेसर बाजारात आणले. जानेवारी १९७५ मध्ये अमेरिकेतील ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० नावाचे यंत्र झळकले. सुटे भाग घेऊन घरी जोडणी करावयाची, किंमत सुमारे चारशे डॉलर. मूळ यंत्राची मेमरी होती २५६ बाइट. पडदा नाही, कळफलक नाही. समोर खटक्यांची रांग आणि मिणमिणणारे दिवे. एकेक खटका वरखाली करून प्रोग्रॅम भरावयाचा आणि वीज गेली की सारे पुसले जावयाचे. याच यंत्रासाठी बिल गेट्स आणि पॉल ॲलन या दोन तरुणांनी बेसिक भाषा लिहिली आणि १९७५ सालीच मायक्रोसॉफ्ट कंपनीची स्थापना केली. ही भाषा कागदी फितीवर छिद्रांच्या रूपाने मिळे. पुढे १९७७ साली आलेल्या ॲपल-२, कमोडोर पेट आणि टँडी टीआरएस-८० या यंत्रांत बेसिक भाषा कायमची बसविलेली असे आणि माहिती साठविण्यासाठी गाण्याची असते तशी साधी कॅसेट वापरली जाई. एका परीने बेसिकच कारभारी झाली होती. पण कॅसेटवरील एखादा प्रोग्रॅम शोधावयाचा म्हणजे फीत पुढेमागे करीत बसणे आले. फ्लॉपी तबकडीने ही अडचण दूर होणार होती. मात्र फ्लॉपीची वही ठेवणारे कोणीतरी हवे होते.

मॉन्टेरेचे प्राध्यापक

तो माणूस एक प्राध्यापक होता. गॅरी किल्डॉल यांचा जन्म १९४२ सालचा, सिएटल शहरातला. वडिलांची तेथे नौकानयन शिकविण्याची शाळा होती. वॉशिंग्टन विद्यापीठातून १९७२ साली त्यांनी संगणकशास्त्रात डॉक्टरेट मिळविली आणि कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथील नौदलाच्या पदव्युत्तर विद्यालयात ते शिकवीत असत. जोडीला ते इंटेलचे सल्लागार होते आणि इंटेलच्या प्रोसेसरांसाठी त्यांनी पीएल/एम नावाची भाषा रचली होती.

किल्डॉल यांच्याकडे शुगार्ट कंपनीची एक फ्लॉपी-यंत्रणा आली. पण ती प्रोसेसरला जोडणारे मंडल त्यांना जमेना. अखेर जॉन टोरोड या मित्राने ते बनविले आणि १९७४ साली पॅसिफिक ग्रोव्ह या लहानशा गावी किल्डॉल यांची ऑपरेटिंग सिस्टीम फ्लॉपीवरून चालू लागली. तिचे नाव सीपी/एम. त्यांनी ती इंटेलला देऊ केली. इंटेलने पीएल/एम भाषा घेतली, या प्रणालीत मात्र रस दाखविला नाही. पुढे किल्डॉल आणि त्यांच्या पत्नी डोरोथी यांनी ‘इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च’ अशा भव्य नावाने धंदा सुरू केला. नाव आकाशगंगांचे आणि कचेरी घरात! नंतर त्यातील पहिला शब्द गळून ‘डिजिटल रिसर्च’ एवढेच नाव उरले. टपालाने सत्तर डॉलर पाठवावेत आणि फ्लॉपीवर सीपी/एम मागवावी, असा सुरुवातीचा व्यवहार होता.

तीन भागांची युक्ती

माझ्या मते या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची घटना यानंतर घडली, आणि लोकप्रिय कथांमध्ये तिलाच सर्वांत कमी जागा मिळते. इम्साय नावाची कंपनी अल्टेअरसारखीच यंत्रे बनवीत असे. तिला आपल्या यंत्रासाठी सीपी/एम हवी होती. त्याआधी प्रत्येक नव्या यंत्रासाठी किल्डॉल यांना प्रणालीत ठिकठिकाणी बदल करावे लागत, कारण प्रत्येकाची फ्लॉपी निराळी, पडदा निराळा, जोडणी निराळी. याचा कंटाळा येऊन त्यांनी १९७६ च्या सुमारास, इम्सायच्या ग्लेन युइंग यांच्यासमवेत काम करीत असता, प्रणालीचे यंत्रावर अवलंबून असलेले सारे तुकडे वेचून एका जागी आणले. या गाठोड्याला बायोस हे नाव मिळाले.

आता सीपी/एमचे तीन भाग झाले. पहिला भाग माणसाशी बोलणारा : आपण कळफलकावर दिलेली आज्ञा तो समजून घेई. दुसरा भाग फाइलींची वही ठेवणारा, हाच खरा कारभारी. तिसरा भाग म्हणजे बायोस, त्या त्या यंत्राच्या खाणाखुणा जाणणारा. पहिले दोन भाग सर्व यंत्रांवर जसेच्या तसे चालत. नवे यंत्र बनविणाऱ्याने केवळ तिसरा भाग लिहावयाचा. आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला तर यंत्राची ओळखही नको. मेमरीतील पाचव्या पत्त्यावर हाक मारावी आणि काम सांगावे, की झाले. वाड्याची उपमा पुढे चालवायची तर कोठी बदलली, आचारी बदलला, तरी मालकाला तोच कारभारी भेटू लागला.

आकाराचा विचार केला तर आज आश्चर्य वाटते. सीपी/एमच्या २.२ या १९७९ च्या आवृत्तीत पहिला भाग दोन किलोबाइटचा आणि दुसरा साडेतीन किलोबाइटचा होता. प्रस्तुत लेखातील अक्षरे आजच्या युनिकोड पद्धतीने साठविली तर तेवढ्यालाच याच्या कित्येक पट जागा लागेल.

इम्सायने १९७७ साली पंचवीस हजार डॉलर देऊन सीपी/एमचा परवाना घेतला. तो सौदा करणारे सीमोर रुबिनस्टाइन पुढे स्वतःच्या धंद्यात पडले आणि त्यांच्या कंपनीने १९७८ साली वर्डस्टार हा लेखनाचा प्रोग्रॅम सीपी/एमसाठी बाजारात आणला. ही साखळी नीट पाहण्याजोगी आहे. कारभारी एकच असल्यामुळे एकदा लिहिलेला प्रोग्रॅम शेकडो प्रकारच्या यंत्रांवर विकता येऊ लागला; प्रोग्रॅम पुष्कळ झाले म्हणून यंत्रे बनविणारे सीपी/एमच मागू लागले; आणि यंत्रे वाढली म्हणून आणखी प्रोग्रॅम लिहिले गेले. १९८१ साली निघालेल्या ऑस्बोर्न-१ या उचलून नेता येणाऱ्या संगणकाबरोबर सीपी/एम आणि वर्डस्टार दोन्ही मिळत. ॲपल-२ ची स्वतःची निराळी डॉस प्रणाली १९७८ पासून होती आणि तिचा प्रोसेसरही निराळा. तरी १९८० साली मायक्रोसॉफ्टने ॲपलमध्ये खोचण्याचे एक कार्ड काढले, त्यावर झेड-८० हा प्रोसेसर बसविलेला असे, आणि ते घातले की ॲपलवरही सीपी/एम चाले. ज्या मायक्रोसॉफ्टने पुढे सीपी/एमला मागे टाकले, तीच १९८० साली सीपी/एमचा प्रसार करीत होती!

१९८० सालची आख्यायिका

आता प्रसिद्ध कथेकडे वळू. त्या वर्षी आयबीएमने वैयक्तिक संगणक काढण्याचे ठरविले. फ्लोरिडातील बोका रेटन येथे एक लहान गट नेमला गेला. वेळ थोडा असल्याने प्रोसेसर इंटेलचा ८०८८ घ्यावा आणि भाषा व प्रणाली बाहेरून विकत आणाव्यात असे ठरले. आयबीएमची माणसे मायक्रोसॉफ्टकडे गेली. मायक्रोसॉफ्टकडे भाषा होत्या, ऑपरेटिंग सिस्टीम नव्हती. तिने त्यांना किल्डॉल यांच्याकडे पाठविले.

पॅसिफिक ग्रोव्हला काय घडले याबद्दल त्यात भाग घेतलेल्यांच्याच हकिगती एकमेकींशी जुळत नाहीत. आयबीएमने बोलण्याआधी गुप्ततेचा एकतर्फी करार पुढे केला आणि डोरोथी यांनी त्यावर सही करण्यास का-कू केली, येथपर्यंत एकवाक्यता आहे. किल्डॉल त्या वेळी स्वतःचे विमान घेऊन गेले होते हेही खरे. पण ते मौजेखातर नव्हे, तर एका गिऱ्हाइकाच्या भेटीसाठी. ते परत आल्यावर बोलणी झाली की नाही, झाली असल्यास काय ठरले, याविषयी मात्र दोन्ही बाजूंचे म्हणणे भिन्न आहे. लोकांनी यातून विमानाचे तेवढे लक्षात ठेवले.

तिकडे सिएटलमध्ये सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स नावाची लहान कंपनी इंटेलच्या ८०८६ या सोळा-बिट प्रोसेसरचे मंडल विकीत होती. त्यासाठी सीपी/एमची सोळा-बिट आवृत्ती येणार होती, पण ती लांबत चालली. वाट पाहून थकलेल्या टिम पॅटरसन या तरुण अभियंत्याने १९८० साली स्वतःच एक प्रणाली लिहून काढली. तिचे पहिले नाव क्यूडॉस. त्या आद्याक्षरांचा अर्थ ‘झटपट आणि ओबडधोबड’ असा होता. पुढे तिला ८६-डॉस म्हणू लागले. सीपी/एमसाठी लिहिलेले प्रोग्रॅम सहज रूपांतरित करता यावेत म्हणून पॅटरसनने हाक मारण्याची रीत सीपी/एमसारखीच ठेवली. फाइलींची वही मात्र त्याने निराळ्या पद्धतीने मांडली. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर १९८० मध्ये पंचवीस हजार डॉलरला ८६-डॉसचा परवाना घेतला आणि जुलै १९८१ मध्ये आणखी पन्नास हजार डॉलर देऊन तिची मालकीच घेतली. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमचा पीसी जाहीर झाला, तेव्हा त्याच्याबरोबर हीच प्रणाली पीसी-डॉस या नावाने होती.

ही नक्कल होती काय? किल्डॉल यांनी साम्य पाहून आयबीएमकडे तक्रार केली. परंतु संगणकाच्या आज्ञावलीला लेखनाधिकाराचे संरक्षण कितपत, हे अमेरिकन कायद्यात तेव्हा नुकतेच आकार घेत होते; तत्संबंधीची दुरुस्ती डिसेंबर १९८० ची. दावा टळला आणि आयबीएमने सीपी/एमची सोळा-बिट आवृत्तीही विकण्याचे कबूल केले. पुढे २००४ साली हॅरल्ड इव्हान्स यांच्या पुस्तकात नकलेचा आरोप पुन्हा झाला, तेव्हा पॅटरसन यांनी बदनामीचा खटला भरला. २००७ साली न्यायालयाने तो फेटाळला. २०१२ साली बॉब झाइडमन या तज्ज्ञाने दोन्ही प्रणालींच्या आज्ञावल्या ताडून पाहिल्या, तेव्हा प्रत्यक्ष आज्ञा उचलल्याचा पुरावा त्यांना आढळला नाही. मला वाटते, दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे इष्ट आहे. घराचा आराखडा पाहून दुसरे घर बांधणे निराळे आणि पहिल्या घराच्या विटा काढून नेणे निराळे. येथे आराखडा सीपी/एमचा होता. विटा पॅटरसनच्या होत्या.

आख्यायिका आणि कारणे

आता मूळ प्रश्न. त्या दिवशी किल्डॉल कचेरीत असते तर इतिहास बदलला असता काय? इतिहासाच्या वर्गात आपल्याला निमित्त आणि कारण यांत भेद करावयास शिकवितात. १८५७ च्या उठावाला काडतुसे हे निमित्त. कारणे खोलवर होती. तीच कसोटी येथे लावून पाहिली, तर मला चार कारणे दिसतात.

पहिले कारण विलंब. सोळा-बिट सीपी/एम वेळेवर तयार असती तर पॅटरसनला लेखणी उचलावी लागली नसती आणि मायक्रोसॉफ्टला विकत घेण्याजोगे काही सापडलेच नसते. आयबीएमच्या पीसीसाठीही ती १९८२ साल उजाडल्यावरच हाती आली. तोवर गिऱ्हाइके डॉस घेऊन मोकळी झाली होती.

दुसरे कारण किंमत. आयबीएमने डॉस चाळीस डॉलरला ठेवली आणि सीपी/एम दोनशे चाळीस डॉलरला. सहापट किंमत देऊन तेच काम करणारी वस्तू घेण्यास सामान्य ग्राहक तयार होईना.

तिसरे कारण वापरातील सोय. सीपी/एममध्ये फाइलची नक्कल करण्यासाठी ‘पिप’ नावाचा प्रोग्रॅम होता. त्यात ‘कोठे’ हे आधी आणि ‘कोठून’ हे नंतर लिहावे लागे. डॉसमध्ये सरळ ‘कॉपी’ ही आज्ञा होती. सीपी/एममध्ये प्रणालीला न कळविता फ्लॉपी बदलली तर नव्या फ्लॉपीवर लिहिणे अडे आणि चालू काम बुडण्याची पाळी येई. डॉस चूक झाल्यास काम सोडावयाचे, पुन्हा करावयाचे की दुर्लक्ष करावयाचे, हे विचारीत असे. सीपी/एम फाइलची लांबी १२८ बाइटच्या मापाने मोजी, डॉस एकेक बाइट मोजी. या बाबी किरकोळ दिसतात. पण रोज यंत्रापुढे बसणाऱ्याला त्या किरकोळ नसतात.

चौथे कारण सर्वांत मोठे आहे, आणि ते कराराच्या कागदात दडलेले आहे. डॉस आयबीएमला देताना मायक्रोसॉफ्टने ती इतरांना विकण्याचा हक्क स्वतःकडे राखला. त्या वेळी हे कलम कोणाला फारसे जाणवले नसावे, कारण आयबीएमसारखे यंत्र दुसरे कोणतेच नव्हते. परंतु त्या यंत्राचे बहुतेक भाग बाजारात मिळणारे होते. आयबीएमचे खास असे होते ते बायोस, आणि त्याची आज्ञावलीसुद्धा आयबीएमने आपल्या तांत्रिक पुस्तिकेत छापली होती. नोव्हेंबर १९८२ मध्ये कॉम्पॅक कंपनीने आयबीएमशी जुळणारा, उचलून नेण्याजोगा संगणक जाहीर केला. कायद्याच्या कचाट्यात सापडू नये म्हणून तिने छापील आज्ञावली वाचणारी माणसे आणि नवे बायोस लिहिणारी माणसे वेगळी ठेवली होती. पहिल्यांनी ‘काय काम व्हावे’ एवढेच सांगावयाचे, दुसऱ्यांनी ते स्वतःच्या बुद्धीने लिहावयाचे. १९८४ साली फीनिक्स कंपनी असे बायोस कोणालाही विकू लागली. मग जुळ्या यंत्रांचा पूरच आला आणि त्या प्रत्येकाला डॉस पुरविण्याचा हक्क मायक्रोसॉफ्टकडे होता. एमएस-डॉस हे नाव घरोघर गेले ते असे.

येथे इतिहासाचा एक विलक्षण उपरोध आहे. यंत्राशी निगडित भाग बायोसमध्ये वेगळा काढावा आणि बाकीची प्रणाली सर्वत्र एकच ठेवावी, ही कल्पना किल्डॉल यांची. तिच्याच बळावर सीपी/एम शेकडो यंत्रांवर पोहोचली होती. आणि बायोस तेवढे नव्याने लिहिले की यंत्र जुळते होते, याच तत्त्वावर आयबीएमची जुळी यंत्रे निघाली व डॉस जगभर पसरली. सीपी/एम जिच्यामुळे हरली ती युक्ती तिचीच होती. म्हणून मला विमानाची आख्यायिका अन्यायकारक वाटते. ती किल्डॉल यांचे कर्तृत्व झाकते आणि त्यांच्या पराभवाची खरी कारणेही झाकते.

किल्डॉल यानंतर स्वस्थ बसले नाहीत. ‘कॉम्प्युटर क्रॉनिकल्स’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमातून त्यांनी सामान्य प्रेक्षकांना संगणक समजावून दिला. डिजिटल रिसर्चने १९८८ साली डीआर-डॉस काढून मायक्रोसॉफ्टशी पुन्हा स्पर्धाही केली. १९९१ साली ती कंपनी नोव्हेलने विकत घेतली आणि ११ जुलै १९९४ रोजी, वयाच्या अवघ्या बावन्नाव्या वर्षी किल्डॉल यांचे निधन झाले. २०१४ साली पॅसिफिक ग्रोव्ह येथील त्यांच्या जुन्या कचेरीबाहेर सीपी/एमच्या स्मरणार्थ फलक बसविण्यात आला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील संगणक इतिहास संग्रहालयाने सीपी/एमच्या आणि एमएस-डॉसच्याही आरंभीच्या आवृत्त्यांच्या आज्ञावल्या अभ्यासकांसाठी खुल्या केल्या. एकेकाळच्या प्रतिस्पर्ध्यांची दप्तरे आता एकाच दप्तरखान्यात आहेत.

आपल्या लिपीपुरते

हा सारा अमेरिकेचा इतिहास झाला. त्यात आपला काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे आणि तो आपल्या अक्षरांशी आहे. डॉसला एका बाइटमध्ये मावणाऱ्या २५६ चिन्हांपलीकडचे जग ठाऊक नव्हते, आणि त्यांतही देवनागरीला जागा नव्हती. कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० नंतरच्या दशकात या प्रश्नावर काम केले. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि ते काम तेथे पुढे चालले. त्यातून निघालेले जिस्ट कार्ड पीसीमध्ये खोचले की इंग्रजीसाठी लिहिलेले डॉसचे प्रोग्रॅम पडद्यावर देवनागरी दाखवीत. प्रोग्रॅमला याची गंधवार्ताही नसे. तो अक्षरांचे क्रमांकच हाताळी, त्या क्रमांकांची वळणदार अक्षरे करण्याचे काम कार्डाचे. म्हणजे येथेही मध्ये एक कारभारी बसविला होता!

या क्रमांकांची भारतीय भाषांसाठी एक सामायिक यादी ठरविण्यात आली. इस्की या नावाने ती १९९१ साली भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली, आणि तिच्या १९८८ च्या आवृत्तीवरूनच युनिकोडमधील देवनागरीचा विभाग बेतला गेला. पण पुढे विंडोज आल्यावर अनेक छापखान्यांनी आणि प्रकाशनांनी ही सामायिक यादी बाजूला ठेवून ज्याच्या त्याच्या खासगी क्रमांकांचे टंक वापरले. परिणाम आज दिसतो. अशी जुनी फाइल उघडावी, तर तो टंक संगणकावर नसल्यास मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा नि चिन्हांचा खिचडा समोर येतो. मोडी वाचणारा न मिळाल्याने दप्तरे मुकी होतात हे आम्ही इतिहासाचे विद्यार्थी जाणतो. परंतु मोडीला निदान शतके लोटली. येथे वीसपंचवीस वर्षांतच कागद मुका झाला. लेखकाची, जुळारीची, मुद्रितशोधकाची मेहनत शाबूत आहे, मात्र मध्ये ठरलेला करार नसल्यामुळे ती वाचता येत नाही.

म्हणून भाषेच्या आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी हा विषय विज्ञान शाखेवर सोपवून मोकळे होऊ नये असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. यंत्र आणि माणूस यांच्यामध्ये जो थर असतो, तो कोणी रचला, कोणत्या अटींवर रचला आणि त्याच्या किल्ल्या कोणाकडे आहेत, हे प्रश्न अंकांचे नाहीत. सनदा आणि करारनामे वाचणाऱ्यांचे आहेत. निदान आपापल्या विभागातील जुन्या मराठी फाइली सामायिक युनिकोडमध्ये उतरवून घेण्याचे काम तरी आपण हाती घेऊ शकतो. त्याला मोठे भांडवल लागत नाही, चिकाटी लागते.

राहता राहिली आरंभीच्या दोन प्रश्नांची उत्तरे. सीपी/एमच्या काळात संगणकाला बहुधा दोन फ्लॉपी-यंत्रणा असत. त्यांची नावे ‘ए’ आणि ‘बी’. डॉसने ती रीत उचलली. आयबीएमने १९८३ साली पीसी-एक्सटी या यंत्रात कायमची बसविलेली तबकडी आणली, तेव्हा पहिली दोन अक्षरे गेलेली असल्याने तिच्या वाट्याला ‘सी’ आले. फ्लॉपी नाहीशा झाल्या, पण त्यांच्या जागा राखीवच राहिल्या. आणि सी-ओ-एन हे सीपी/एममध्ये माणूस जेथे बसतो त्या कळफलक-पडद्याचे नाव होते. डॉसने ते घेतले, विंडोजने सांभाळले, म्हणून आजही ते फाइलला देता येत नाही. पॅसिफिक ग्रोव्हच्या प्राध्यापकांनी वापरलेली तीन अक्षरे अर्धशतकानंतरही आपली जागा अडवून उभी आहेत.